इनबॉक्सची गॅरंटी

मेल स्पॅममध्ये पडणार नाही, सरळ इनबॉक्समध्येच जाईल, अशी गॅरंटी देणारा माणूस आता हातोदपर्यंत पोहोचला आहे. इंदूरचा विमानतळ मागे टाकून, गांधीनगर ओलांडून देपालपूरच्या दिशेने निघालं की लागणारं हे तहसिलीचं गाव. अलीकडे सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं, पलीकडे सोयाबीन, गहू, बटाटा, लसूण. मधल्या पट्ट्यात शेतमाल साठवणारे, सुकवणारे, दळणारे, पॅक करणारे छोटे उद्योजक. त्यांच्या टेबलासमोर बसून तो सांगतो, "सर, दो लाख का डेटा है, डायरेक्ट इनबॉक्स में जाएगा." मागतो ते पैसेही फार नसतात. समोरचा विचार करतो, गेले तर गेले, चार ऑर्डरी आल्या तरी वसूल.

हा माणूस सगळंच खोटं बोलत नाही. काही दिवस, काही मेल खरोखर इनबॉक्समध्ये जातात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. माझं म्हणणं असं की फिल्टर चुकवायची जी विद्या तो विकतो ती आणि ठगाची विद्या एकच आहे. ती वापरणारा सचोटीचा व्यापारी फिल्टरला ठगासारखा दिसतो आणि त्यात फिल्टरचं काही चुकत नाही. पैसे बुडाले तर ते परवडलं. पण या व्यवहारात आणखी एक गोष्ट जाते, आणि ती गेल्याचं कळायला वर्ष लागतं.

आधी नको असलेल्या मेलचा हा उपद्रव मुळात होतोच का, ते पाहू. १८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचे पैसे बहुधा घेणारा देत असे. रोलंड हिलच्या तिकिटाने तो भार पाठवणाऱ्यावर टाकला. हिंदुस्थानात १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागलं. होळकर संस्थानाने १८८६ मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांची छबी असलेलं स्वतःचं तिकीट काढलं, तेही अर्ध्या आण्याचं. अर्धा आणा ही किरकोळ रक्कम, पण दोन लाख पत्रांना अर्धा आणा ही किरकोळ रक्कम नव्हे. तेवढ्या अडथळ्यानेच माणूस पाठवण्याआधी यादीवरून एकदा नजर फिरवत असे. ईमेलने हा अडथळा काढून टाकला आणि खर्च पुन्हा घेणाऱ्याच्या गळ्यात घातला: त्याचा वेळ, त्याची जागा, त्याचं लक्ष.

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे चारशे लोकांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकगठ्ठा धाडलं. त्यांना शिव्या खाव्या लागल्या. पण त्यातून विक्रीही झाली, असं ते पुढे सांगत आले. शिव्या विसरल्या गेल्या आणि विक्री लक्षात राहिली. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी सुचवलं की प्रत्येक मेलमागे पाठवणाऱ्याच्या संगणकाला थोडं गणित करायला लावावं, म्हणजे जणू तिकीट. ते मेलमध्ये रुजलं नाही. ती कल्पना बिटकॉइनच्या कामी आली. २००४ च्या जानेवारीत दावोसला बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न मिटेल. आज जगातली जवळपास निम्मी मेल स्पॅम असते, असं सायबरसुरक्षा कंपनी कॅस्परस्कीचे वार्षिक अहवाल सांगतात. ती आपल्याला दिसत नाही, कारण मध्ये फिल्टर उभा आहे. जीमेल रोज सुमारे १५ अब्ज नको असलेल्या मेल अडवतं, असं गूगलने २०२३ मध्ये सांगितलं होतं. गॅरंटीवाला ज्याला 'अडचण' म्हणतो ती ही भिंत.

ही भिंत माणूस कसा ओळखते याबद्दल बाजारात फार जुन्या समजुती चालतात. विषयात 'फ्री' लिहू नका, उद्गारचिन्हं टाळा, रुपयाचं चिन्ह घालू नका, लाल अक्षरं नकोत. २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखायची पद्धत लिहून काढली आणि काही वर्षं तिचा बोलबाला झाला, त्या काळाचे हे अवशेष. शब्द आजही पाहिले जातात, पण निकाल मुख्यतः शब्दांवर लागत नाही. तो लागतो पाठवणाऱ्यावर.

जीमेल संगणकावर उघडा, एखाद्या मेलच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या चौकटीत तीन ओळी दिसतात: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, आणि प्रत्येकीपुढे पास किंवा फेल. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकाने जाहीर केलेली यादी, की माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी या या सर्व्हरला आहे. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर उमटलेली डिजिटल सही. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे मालकाची सूचना: समोर दिसणाऱ्या नावाशी या दोन्हींपैकी काहीच जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं. काही करू नका, स्पॅममध्ये टाका, की दारातूनच परत पाठवा. तीनच पर्याय. छोट्या कारखान्याच्या डोमेनवर बहुधा ही सूचनाच नसते. असली तरी 'काही करू नका' एवढीच असते. एसपीएफच्या दोन नोंदी केलेल्या तर हमखास सापडतात: वेबसाइटवाल्याने एक टाकली, नंतर मेलवाल्याने दुसरी. दोन असल्या की नियमाप्रमाणे तपासणीच बाद होते. मालकाला वाटतं, दोन कुलपं लावली आहेत.

पण तिन्ही पास म्हणजे पत मिळाली असं नव्हे. स्पॅमवालेही डोमेन घेतात, नोंदी नीट करतात आणि पास होतात. या तपासण्या फक्त एवढंच सांगतात की हा माणूस जे नाव सांगतो तेच त्याचं नाव आहे. त्या नावाची पत वेगळ्या वहीत लिहिली जाते. या डोमेनवरून आलेल्या मेल लोक उघडतात का, उत्तर देतात का, न वाचता पुसून टाकतात का, 'रिपोर्ट स्पॅम' दाबतात का. ज्या सर्व्हरवरून मेल निघाला त्यावर आणखी कोण आहे. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो डोमेन नांदत असतात. शेजारी काय पाठवतो यावर तुमचंही बरंवाईट ठरतं. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या स्पॅमहाउससारख्या संस्था बदनाम सर्व्हरांच्या आणि डोमेनांच्या याद्या ठेवतात, आणि जगभरचे मेल सर्व्हर त्या याद्या विचारून दार उघडतात.

विकत घेतलेल्या यादीत सापळे असतात. जे पत्ते कधीच कुणा माणसाचे नव्हते, वेबपानांवर फक्त पत्ते गोळा करणाऱ्या यंत्रांसाठी लपवून ठेवले होते, किंवा कुणाचे तरी होते पण कित्येक वर्षांपूर्वी बंद पडले आणि आता नुसते नजर ठेवायला जिवंत केले आहेत. अशा पत्त्यावर मेल आला याचा अर्थ एकच: पाठवणाऱ्याने कुणाला विचारलेलं नाही किंवा यादी वर्षानुवर्षं झाडलेली नाही. "दो लाख का डेटा" विकणाऱ्यालाही त्यातले सापळे ओळखू येत नाहीत. आले असते तर बाजारात सापळे उरलेच नसते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गूगल आणि याहूने नियम जाहीर केले, ते फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोय हवी, आणि नाव दोन दिवसांत कमी व्हायला हवं. तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवावं आणि ०.३ ला पोहोचू देऊ नये. हिशेब करून पाहा. पाच हजार लोकांच्या इनबॉक्समध्ये मेल पडला आणि त्यातल्या पंधरा जणांनी 'स्पॅम' दाबलं की रेषा गाठली. मायक्रोसॉफ्टनेही ५ मे २०२५ पासून आउटलुकच्या पत्त्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कची अशीच सक्ती केली. यावर तोड म्हणून गॅरंटीवाला सांगतो की वेगवेगळ्या उपडोमेनांवरून थोडं थोडं पाठवू. गूगल सगळी उपडोमेनं मुख्य डोमेनच्या खात्यात जमा धरतं, आणि एकदा जरी ती संख्या ओलांडली तरी तुम्ही कायमचे मोठे पाठवणारे ठरता.

तक्रारींच्या या टक्क्यात एक फसवी जागा आहे. तो मोजताना इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या मेल धरतात. मेल थेट स्पॅममध्येच गेला तर तिथे जाऊन पुन्हा 'स्पॅम' कोण दाबणार? त्यामुळे डोमेन पार मातीत गेलेलं असतं तेव्हा तक्रारींचा आकडा छान खाली दिसू शकतो. तोच आकडा मग रिपोर्टमध्ये हिरव्या रंगात येतो. दुसरा आकडा उघडलेल्या मेलचा. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, ग्राहकाने ती सोय चालू ठेवली असेल तर, मेलमधली चित्रं आपणहून आधीच उतरवून ठेवतं. मेल कुणी पाहिला नाही तरी 'उघडला' अशी नोंद होते. अशा आकड्यांवर महिन्याचं बिल फाडलं जातं.

आता ती विद्या. बाजारात ती बरीच पुढे गेली आहे. मूळ डोमेन खराब होऊ नये म्हणून त्याच्यासारखी दिसणारी पाच-सहा डोमेनं घ्यायची, मागेपुढे एखादा शब्द जोडलेली. त्यांना 'वॉर्म-अप' करायचं, म्हणजे यंत्राच्या ताब्यातल्या शेकडो खात्यांनी एकमेकांना मेल पाठवायच्या, स्पॅममध्ये पडलेल्या बाहेर काढायच्या, खोटी उत्तरं लिहायची. म्हणजे फिल्टरला वाटावं की या डोमेनशी लोकांची ऊठबस आहे. एकच मजकूर शब्द फिरवून हजार रूपांत लिहायचा, कारण हजार मेल एकसारख्या दिसल्या तर पकडल्या जातात. विषयाच्या आधी 'Re:' घालायचं, जणू आधी बोलणं झालं आहे. खरी लिंक छोट्या लिंकमागे लपवायची. एक डोमेन जळलं की दुसऱ्यावर उडी मारायची.

ही यादी सायबर पोलिसांच्या जनजागृती शिबिरात 'फसव्या मेल कशा ओळखाव्यात' या शीर्षकाखाली जशीच्या तशी वाचता येईल. सारखं दिसणारं डोमेन, बनावट जुनी ओळख, लपवलेली लिंक, रोज बदलणारा पत्ता. प्रामाणिक विक्रेत्याचा आणि भामट्याचा हेतू वेगळा असेल, पण हेतू मेलबरोबर जात नाही, फक्त वागणूक जाते. फिल्टर वागणूक वाचतो. वागणूक हुबेहूब तीच असेल तर त्याने दोघांना वेगळं का करावं? केलं तर तो भामट्याला सोडणारा फिल्टर होईल.

हे इंदूरला नवं वाटायला नको. २०१३ च्या जानेवारीत सेबीने गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम आणले, आणि पुढच्या काही वर्षांत इंदूर या धंद्याचं मोठं ठाणं झालं. शेअर बाजार मुंबईत, मोठे दलाल मुंबईत, पण 'टिप' द्यायला फोन यायचा तो इंदूरहून. नोंदणी असलेलेही होते, नसलेलेही होते. गिऱ्हाईक गाठायची रीत मात्र सारखी: कुठूनतरी मिळवलेले नंबर, दोन दिवसांची फ्री ट्रायल, नफ्याची आश्वासनं, एसएमएसचा भडिमार, एक नंबर ब्लॉक झाला की दुसरा. पुण्या-नागपुरातल्या निवृत्त माणसाला फोनवरच्या आवाजावरून नोंदणीवाला कोण आणि तोतया कोण, हे कळायचा मार्ग नव्हता, कारण दोघे एकच संहिता वाचत होते.

पुढे काय झालं ते नोंदलेलं आहे. सेबीच्या आदेशांमध्ये इंदूरचे पत्ते वारंवार येत राहिले. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सेबीने फ्री ट्रायलवर बंदी आणली, ग्राहकाची जोखीम तपासून संमती घेणं बंधनकारक केलं. २०२० मध्ये ठरावीक फी घेणाऱ्या सल्लागारांना एका कुटुंबाकडून वर्षाला सव्वा लाखाची मर्यादा घातली. २०१९ मध्येच अमेरिकी नागरिकांना गंडवणारी कॉल सेंटरं मध्य प्रदेशच्या सायबर पोलिसांनी इंदुरात पकडली. तो गुन्हा पूर्ण वेगळा, पण बाहेरच्या माणसाच्या डोक्यात सगळं एकाच खात्यात जमा झालं. नियम पाळून, अभ्यास करून सल्ला देणारे जे थोडे होते त्यांनाही 'इंदूरहून बोलतोय' हे वाक्य उच्चारणं अवघड झालं. गावाची पत अशी सामाईक असते. ती एकट्याने कमावता येत नाही, पण चार जण मिळून घालवू शकतात.

फोनचं म्हणाल तर २००७ पासून दूरसंचार नियामक ट्रायची 'नको' म्हणायची नोंदवही आहे, १९०९ हा तक्रारीचा नंबर आहे. २०१८ च्या नियमांनी एसएमएसचा मथळा आणि मजकुराचा साचा आधी नोंदवणं भाग पाडलं. एवढं होईपर्यंत लोकांनी आपला फिल्टर स्वतःच बसवून घेतला होता: अनोळखी नंबर उचलायचाच नाही. आज रुग्णालयातून रिपोर्टसाठी आलेला फोनही त्या सवयीत वाजून वाजून बंद होतो. मेलची वाटचाल त्याच दिशेने आहे. आणि "मेल कोण बघतंय भिया, व्हॉट्सॲप करो" म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की तिथेही ब्लॉक आणि तक्रारींवरून धंद्याच्या नंबरचा दर्जा ठरतो.

आता ती दुसरी गोष्ट, जी जाते आणि कळत नाही. समजा, हातोदच्या वेशीवर कांदा-लसूण सुकवून पावडर करणारा एक कारखानदार आहे. नागपूरच्या मसालेवाल्याशी त्याचा आठ वर्षांचा व्यवहार. गॅरंटीवाल्याच्या नादाने त्याने आपल्या डोमेनवरून आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या पाच डोमेनांवरून तीन महिने एकगठ्ठा मेल सोडल्या. ऑर्डर एकही आली नाही. त्याने ते बंद केलं आणि विसरला. मग एक दिवस नेहमीचं कोटेशन जातं. दोन दिवस उत्तर नाही.

"मेल टाकला होता भाऊ, बघितला का?"

"नाही आला."

"स्पॅममध्ये बघा जरा, तिकडे पडला असेल."

"हो, आहे की इथे."

"मग तो 'नॉट स्पॅम' करून घ्या."

संवाद संपला, काम झालं, कुणालाच काही वावगं वाटलं नाही. फिल्टर चुपचाप काम करतो. पत्ता चुकला तर मेल परत येतो. पत घसरली तर बहुधा परत येत नाही, कुणी कळवतही नाही. पोहोचलेल्या आणि न पोहोचलेल्या मेलची पाठवणाऱ्याकडची नोंद सारखीच दिसते. म्हणून किती कोटेशनं अशी अंधारात पडली आणि ग्राहकाने फोन न करता दुसऱ्याकडून माल उचलला, याचा हिशेब कधीच लागत नाही.

पण याहून गंभीर आहे ते त्या शेवटच्या वाक्यात. आठ वर्षांच्या विश्वासातल्या माणसाने मसालेवाल्याला शिकवलं, की स्पॅममध्ये चांगल्या मेलही असतात, तिथे जाऊन बघत जा, आमचं नाव दिसलं की बाहेर काढत जा. असं दोन-चार वेळा झालं की ती सवय होते. मग एका महिनाअखेरीला त्याच स्पॅममध्ये त्याच नावाचा मेल येतो: आमचं बँक खातं बदललं आहे, या खेपेचे पैसे खालील खात्यात भरा. सोबत बिल, त्यावर कारखान्याचा लोगो. फिल्टरने तो बरोबर ओळखून बाजूला ठेवलेला असतो. कारखानदाराने डीमार्कची सूचना 'परत पाठवा' अशी ठेवली असती, तर त्याच्या हुबेहूब डोमेनवरून आलेली नक्कल बहुधा दारातच अडली असती. आणि सारख्या दिसणाऱ्या डोमेनवरून आला असेल, तर मसालेवाल्याला शंका का यावी? त्या तीन महिन्यांत कारखानदाराने स्वतःच अशी पाच डोमेनं फिरवली होती. ग्राहकाने स्पॅमचा इशारा ओलांडून मेल बाहेर काढला, कारण तसं करायला त्याला शिकवलं गेलं होतं. अमेरिकेत एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात व्यापारी मेलमधल्या अशा फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतलं नुकसान २.९ अब्ज डॉलरचं होतं. तिथे कायदा आहे, यंत्रणा आहे, तरी.

आपल्याकडे नको असलेल्या मेलविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. ट्रायचे नियम फोन आणि एसएमएसपुरते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात त्रास देण्यासाठी किंवा उगमाबाबत दिशाभूल करण्यासाठी पाठवलेल्या मेलचा उल्लेख होता; पण ते कलम एकूणच इतकं सैल आणि अभिव्यक्तीवर घाला घालणारं होतं की सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं, आणि योग्यच केलं. त्याबरोबर ही ओळही गेली. तिची जागा नंतर कुणी भरली नाही. तोतयेगिरी करून फसवलं तर ६६ड आहे; नुसता छळ झाला तर काही नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीचा प्रश्न आणला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. त्यानंतर माणसाच्या नावाचा पत्ता वापरला तर संमती स्पष्ट होती का, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं होतं का, हे विचारलं जाईल. जो पत्ता माणसाने स्वतःच जाहीर केला आहे तो यातून सुटतो. विकत घेतलेल्या यादीत मात्र कोणता पत्ता कुठून आला हे विकणाराही सांगू शकत नाही, आणि दंडाची कमाल २५० कोटी आहे.

माळव्यातून माल बाहेर पाठवणाऱ्यांनी एवढ्यावर थांबू नये. जर्मनीत व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला जाहिरातीचा मेल पाठवायलाही आधी स्पष्ट संमती लागते. अमेरिकेचा २००३ चा कायदा त्या मानाने सैल आहे, आधी विचारायची अट घालत नाही, पण नाव कमी करा म्हटल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत करावं लागतं, खरा टपाली पत्ता द्यावा लागतो, आणि भंग झाल्यास दंड प्रत्येक मेलमागे ५० हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. ज्याच्याकडे प्रदर्शनात स्टॉल घ्यायला पैसे नाहीत, त्या नव्या माणसाने ओळख करून द्यायची कशी? मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीच्या मेल 'प्रमोशन्स'च्या कप्प्यात का होईना, बिनबोभाट पडतात; छोट्याचा पहिलाच मेल संशयित ठरतो. हा न्याय करतात ते गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट. त्यांच्या निकालाची कारणं मिळत नाहीत आणि हातोदच्या माणसाने अपील करायचं म्हटलं तर दार कोणतं हेही त्याला ठाऊक नसतं. एवढी सत्ता तीन-चार कंपन्यांच्या हातात असणं मला मान्य नाही. पण गॅरंटीवाला या अन्यायावरचं औषध विकत नाही. तो फक्त वर्षभरात छोट्याच्या हातातलं एकमेव डोमेन जाळतो. मोठ्या कंपनीला दुसरं डोमेन परवडतं. ज्याच्या व्हिजिटिंग कार्डावर, पोत्यावर, टेम्पोवर एकच नाव छापलेलं आहे त्याला परवडत नाही.

पर्याय संथ आहे आणि म्हणून विकायला अवघड. वीस खरेदी अधिकारी शोधायचे, प्रत्येकाला त्याच्या मालाबद्दल दोन ओळी लिहून वेगळा मेल करायचा, उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण द्यायची. मंडीत, मेळ्यात, कारखान्यात आलेल्या माणसाला विचारून त्याचा पत्ता वहीत घ्यायचा. जे वर्षभर उघडत नाहीत त्यांची नावं काढायची. नाव काढणं जिवावर येतं, पण तीच नावं पत खातात. बिलं आणि कोटेशनं एका उपडोमेनवरून, जाहिरात दुसऱ्यावरून, म्हणजे दोन्हींचा हिशेब शक्य तितका वेगळा राहतो. आणि डीमार्क. आधी 'काही करू नका' ठेवून येणारे रोजचे अहवाल कुणाकडून तरी वाचून घ्यायचे, आपल्या नावाने कोण कोण पाठवतंय ते पाहायचं, मग 'स्पॅममध्ये टाका', मग 'परत पाठवा'. घाईने शेवटच्या पायरीवर उडी मारली तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जाणारी आपलीच बिलं परत येतात.

एवढं करूनही एक भोक उरतं. भामट्याने मेलचं खातंच फोडलं, तर त्याचा मेल खऱ्या सर्व्हरवरून निघतो, तिन्ही तपासण्या पास होतात आणि फिल्टर बहुधा तो अडवत नाही. तिथे कामाला येते ती बिलाच्या तळाशी छापलेली एक ओळ: आमचं बँक खातं बदलल्याचं आम्ही मेलने कधीही कळवत नाही, असा मेल आल्यास पैसे भरण्याआधी नेहमीच्या नंबरवर फोन करा. आणि पैसे गेलेच, तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तोवर रक्कम दुसऱ्या खात्यातून पुढे सरकलेली नसेल तर बँक ती गोठवू शकते.